धंद्यासाठी माहिती शोधताना आधी बघा, ती कुणी आणि कशासाठी गोळा केलीय

धंद्यात माहिती लागते हे कुणाला सांगायला नको, पण शोधायची सुरुवात बहुतेक जण उलट्या टोकाकडून करतात. सर्च इंजिन उघडायचं, मालाचं नाव टाकून पुढे 'मार्केट साईज' लिहायचं, वर जे चार-पाच रिझल्ट येतील त्यातले आकडे उचलायचे, की झाला रिसर्च. मग मार्केट इतक्या अब्जांचं आहे आणि दरवर्षी इतक्या टक्क्यांनी वाढतंय हे कळतं, पण उद्या सकाळी नक्की काय करायचं ते काही कळत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा की तुम्हाला ठरवायचंय काय. समजा तुम्हाला थर्मासच्या बाटल्या विकायच्यात. 'थर्मासचं मार्केट किती मोठं आहे' या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी हातात काही पडत नाही. पण पहिली ऑर्डर 500 नगांची द्यावी की 5000 ची, अर्ध्या लिटरची बाटली आणावी की एक लिटरची, हा सप्लायर ॲडव्हान्स घेऊन गायब तर होणार नाही ना, हे खरे प्रश्न, कारण उत्तर बदललं की तुमचा निर्णय बदलतो. आणि या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तीन वेगळ्या ठिकाणी असतात, एका सर्चमध्ये ती मिळणार नाहीत.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती फार कमी जण सांगतात. जगातली जवळजवळ कुठलीच माहिती तुमच्यासाठी तयार झालेली नसते, कुणीतरी ती आपल्या कामासाठी गोळा केलेली असते आणि तुम्ही ती वापरायला घेता. ते मूळ काम काय होतं हे कळलं की ती माहिती कुठे पक्की असेल आणि कुठे कच्ची, याचा बराचसा अंदाज बसल्या जागी येतो.

हे काही इंटरनेटमुळे आलेलं नाही. 1837 साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली, उधारीवर माल दिलेले व्यापारी धडाधड बुडाले, त्यात लुईस टॅपन नावाचा न्यूयॉर्कचा रेशमाचा व्यापारीही होता. त्याने 1841 मध्ये मर्कंटाईल एजन्सी काढली. गावोगावचे वकील वगैरे लोक तिथल्या दुकानदारांची पत कशी आहे, उधारी फेडतो का, डोक्यावर कर्ज किती, हे लिहून पाठवायचे आणि वर्गणी भरणारे व्यापारी एजन्सीत येऊन ती माहिती घ्यायचे. त्याच एजन्सीतून पुढे डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही कंपनी झाली, जी आजही कंपन्यांच्या पतीचे रिपोर्ट विकते. आता यात बघण्यासारखं काय, तर लिहिणाऱ्या वकिलांना त्या बदल्यात बहुतेकदा वसुलीची कामं मिळायची. म्हणजे कोण पैसे थकवतो याकडे त्यांचं बारीक लक्ष असणार, पण त्या दुकानाचा माल चांगला आहे का, गिऱ्हाईक खूष आहे का, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. आजच्या प्रत्येक सोर्सला हाच प्रश्न विचारायचा.

सुरुवात घरातूनच करा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या बिलांपासून. विक्रीचा रेकॉर्ड, परत आलेला माल, तक्रारींचे फोन, पेमेंट किती दिवसांनी आलं याच्या नोंदी, हे सगळं फुकट आहे, दुसऱ्या कुणाकडे नाही आणि तरी लोक ते सोडून बाहेर शोधत बसतात. पण इथेही तोच नियम लागतो, बिलाचा रेकॉर्ड हिशेब आणि टॅक्ससाठी ठेवलेला असतो, मागणी मोजायला नाही.

हे जरा नीट बघू. एक बाटली सोमवार ते गुरुवार रोज 10 नग अशी विकली गेली आणि गुरुवारी संध्याकाळी स्टॉक संपला. शुक्रवार, शनिवार, रविवार विक्री शून्य. आठवड्याची एकूण विक्री 40, रोजची सरासरी काढली तर पावणेसहाच्या आसपास. कॉम्प्युटर म्हणतो आठवड्याला 40 लागतात, तुम्ही पुढच्या आठवड्यासाठी 40 मागवता, ते परत गुरुवारी संपतात आणि रेकॉर्ड परत सांगतो की बघा, 40 च लागतात. खरी मागणी 70 ची, कदाचित जास्तच, कारण शनिवार-रविवारी गर्दी वाढते. रेकॉर्डमधला एकही आकडा खोटा नाही, तरी निर्णय चुकला, कारण रेकॉर्डमध्ये विक्री लिहिलेली असते, रिकाम्या हाताने परत गेलेला माणूस त्यात कुठेच नसतो. उपाय अगदी साधा आहे, माल कुठल्या दिवशी संपला याची तारीख वेगळी लिहून ठेवायची, सरासरी काढताना माल नव्हता ते दिवस वगळायचे आणि काउंटरवर एक वही ठेवायची ज्यात लोकांनी मागितलं पण आपल्याकडे नव्हतं ते लिहायचं. कुठल्याही विकतच्या रिपोर्टपेक्षा ती वही मला जास्त मोलाची वाटते.

आणि माणसांना विचारा. डिलिव्हरीवाला, तक्रारी ऐकणारी मुलगी, गोडाऊनमध्ये माल लावणारा, यांना जे माहीत असतं ते रिपोर्टमध्ये कधी येत नाही कारण त्यांना कुणी विचारतच नाही. फक्त एक सांभाळा, सेल्सच्या माणसाला टार्गेट ठरवायच्या आधी 'पुढच्या वर्षी किती विकशील' विचारलं तर तो आकडा कमीच सांगणार, आणि नवीन माल हवा असेल तेव्हा मागणी वाढवून सांगणार. याचा अर्थ तो खोटारडा आहे असा नाही, त्याचा पगार त्या उत्तराला बांधलेला आहे एवढंच.

आता बाहेरच्या माहितीकडे येऊ. मोठ्या स्पर्धकाबद्दल सगळ्यात भरपूर माहिती तो स्पर्धकच देतो, कारण कायद्याने त्याला द्यावी लागते. अमेरिकेत शेअर बाजारात असलेल्या कंपन्यांचे सगळे अहवाल तिथल्या सिक्युरिटीज कमिशनच्या एडगर नावाच्या सिस्टीमवर कुणालाही फुकट बघता येतात. ब्रिटनमध्ये कंपनीज हाऊस ही कंपन्यांची नोंदणी ठेवणारी सरकारी कचेरी आहे, तिथे 2015 पासून डिजिटल नोंदी फुकट आहेत आणि लहान प्रायव्हेट कंपन्यांचेही हिशेब सापडतात, अर्थात लहान कंपन्यांना तपशील कमी द्यावा लागतो. बऱ्याच देशांत असं काही ना काही रजिस्टर असतंच.

वार्षिक अहवाल मात्र मागून वाचायचा. पुढची रंगीत पानं, चेअरमनचं पत्र, हसरे फोटो हे शेअर घेणाऱ्यांना बरं वाटावं म्हणून असतं, खरा माल मागच्या बारीक अक्षरातल्या टिपांमध्ये असतो, कारण तो भाग ऑडिटर आणि कायद्याच्या धाकाने लिहिलेला असतो. तिथे कुठल्या विभागातून किती धंदा येतो ते कळतं, मालकांच्याच दुसऱ्या कंपन्यांशी काय व्यवहार झालेत ते कळतं, कोर्टकज्जे कळतात. अमेरिकन कंपन्यांच्या वार्षिक फॉर्ममध्ये, ज्याला टेन-के म्हणतात, जोखमींचा वेगळा भाग असतो, त्यात कंपनीला स्वतःला कशाची भीती वाटते ते लिहिलेलं असतं. दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून या वर्षी कुठली भीती नवीन आलीय ते बघा, त्यातून बरंच समजतं.

आणखी एक सोपी तपासणी सांगते. विक्री 10 टक्क्यांनी वाढली आणि गिऱ्हाइकांकडून येणं बाकी असलेली रक्कम मात्र 40 टक्क्यांनी वाढली, तर थांबा. माल उधारीवर ढकलून विक्री फुगवली असेल, किंवा गिऱ्हाइकांनाच पैसे द्यायला जमत नसेल, कारण काहीही असो, अशा कंपनीला माल पुरवायच्या आधी किंवा तिच्याकडून ॲडव्हान्सवर माल घ्यायच्या आधी दोनदा विचार करावा.

आणि ऑडिट झालंय म्हणजे डोळे झाकून विश्वास ठेवायचा, असंही नाही. वायरकार्ड ही जर्मनीची पेमेंट कंपनी, तिथल्या मुख्य शेअर निर्देशांकात होती, वर्षानुवर्षं ऑडिट होत होतं. जून 2020 मध्ये उघड झालं की ताळेबंदातले 1.9 अब्ज युरो कुठे सापडतच नाहीत. फिलिपिन्समधल्या ज्या दोन बँकांत ते पैसे आहेत असं सांगितलं होतं त्या बँकांनी कळवलं की ही कंपनी आमची ग्राहकच नाही, कागद खोटे आहेत. कंपनी बुडाली. यातून घ्यायचं ते हे की ज्याच्याबद्दल माहिती हवी त्यानेच आणून दिलेला कागद हा पुरावा धरायचा नाही, तो कागद ज्याने काढला त्याच्याकडे थेट विचारायचं. सप्लायरने सर्टिफिकेट पाठवलं तर ते देणाऱ्या संस्थेच्या वेबसाईटवर नंबर टाकून बघा, जुन्या गिऱ्हाइकांची नावं दिली तर त्यातल्या दोघांना फोन करा आणि त्याने न दिलेलं एखादं गिऱ्हाईकही स्वतः शोधून काढा. दहा मिनिटांचं काम आहे, त्याने मोठं नुकसान वाचू शकतं.

माल परदेशातून आणायचा किंवा बाहेर पाठवायचा असेल तर कस्टमचा डेटा हा फार चांगला सोर्स आहे आणि लहान उद्योजकांपर्यंत तो पोचतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. जगभर मालाला एचएस कोड असतो, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा नंबर, जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत 1988 पासून चालू आहे, पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखेच. संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या डेटाबेसमध्ये कुठल्या देशाने कुठल्या कोडचा किती माल कुठून घेतला ते बघायला मिळतं. थर्मासचा कोड 9617. तो टाकला की कुठले देश आयात वाढवतायत, माल कुठून येतोय, एकूण रकमेला वजनाने भागलं तर किलोमागे सरासरी काय भाव पडतो, हे सगळं काढता येतं. पण हा डेटा जमा झाला कर लावायला, त्यामुळे त्याची मांडणी कराच्या सोयीची आहे. 9617 मध्ये निर्वात भिंतीची सगळी भांडी एकत्र येतात, तुमची अर्ध्या लिटरची बाटली त्यात वेगळी दिसणार नाही, आणि साधी प्लास्टिकची बाटली तर दुसऱ्याच कोडमध्ये, 3924 मध्ये जाते. शिवाय एका देशाने दाखवलेली निर्यात आणि समोरच्या देशाने दाखवलेली आयात जुळत नाही, कारण आयातीच्या आकड्यात सहसा जहाजभाडं आणि विमा धरलेला असतो, निर्यातीच्या आकड्यात नसतो. हे माहीत नसलं की माणूस गोंधळतो आणि सगळा डेटाच चुकीचा म्हणून सोडून देतो.

पेटंटबद्दल थोडक्यात. युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पेसनेट फुकट आहे, जगभरातली कोट्यवधी कागदपत्रं आहेत, चित्रांसकट. अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, म्हणजे तुमचा स्पर्धक दीड वर्षापूर्वी कशावर काम करत होता ते तो स्वतःच लिहून गेलेला असतो. संरक्षण बहुतेक ठिकाणी अर्जापासून 20 वर्षं आणि ते फक्त ज्या देशात घेतलं तिथेच. थर्मासचीच गोष्ट घ्या, निर्वात फ्लास्क जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने 1892 मध्ये बनवला पण पेटंट घेतलं नाही, 1904 मध्ये जर्मनीत थर्मास कंपनी निघाली, ड्यूअर कोर्टात गेला आणि हरला. शोध लावणारा एकीकडे आणि धंदा करणारा दुसरीकडे.

इंटरनेटवर लोक काय शोधतायत हे गुगल ट्रेंड्सवर दिसतं, पण तिथले 0 ते 100 हे आकडे म्हणजे लोकांची संख्या नाही. त्या काळातल्या सगळ्यात वरच्या बिंदूला 100 धरून बाकीचं त्याच्या तुलनेत दाखवतात, त्यामुळे बारीकसा विषयही 100 वर जातो. सीझन कधी चढतो, कधी उतरतो, दोन शब्दांपैकी लोक कुठला जास्त वापरतात, यासाठी उत्तम. यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवली तर काय होतं हे गुगलनेच बघितलं. 2008 मध्ये त्यांनी सर्चवरून फ्लूची साथ ओळखणारी सेवा काढली, सुरुवातीला बरी चालली, पण 2012-13 च्या हिवाळ्यात तिचा अंदाज अमेरिकन सरकारी आकड्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाला आणि 2015 मध्ये ती बंद केली. फ्लूबद्दल शोधणारा प्रत्येक जण फ्लूने आजारी नसतो, तसा बाटलीबद्दल वाचणारा प्रत्येक जण बाटली घेणार नसतो.

मार्केट रिपोर्ट विकणाऱ्यांचे जे आकडे सगळीकडे फिरतात त्यांच्याबाबत एकच सांगणं आहे, आकडा मूळ कुठून आला ते शोधत मागे जा. दहा वेबसाईटवर सारखा आकडा दिसला की आपल्याला वाटतं दहा पुरावे मिळाले, पण त्या सगळ्या एकाच प्रेसनोटवरून उचललेल्या असू शकतात, मग तो एकच पुरावा. आणि मुळाशी गेल्यावर कसं मोजलं हे कुठेच लिहिलेलं नसेल तर त्या आकड्यावर पैसे लावू नका.

आता लोकांना थेट विचारणं, म्हणजे सर्व्हे. इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा थांबून बोलू. पहिली चूक, कुणाला विचारलं. 1936 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून त्यांनी सांगितलं रूझवेल्टच्या विरोधातला लँडन जिंकणार. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकला. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने कितीतरी लहान सॅम्पल घेऊन बरोबर सांगितलं होतं. साप्ताहिकाची पत्त्यांची यादी बरीचशी टेलिफोन डिरेक्टरी आणि गाड्यांच्या नोंदणीवरून केलेली, मंदीच्या काळात फोन आणि गाडी असणारे लोक कोण असणार, आणि त्यातही ज्यांना तावातावाने उत्तर द्यावंसं वाटलं त्यांनीच पाठवलं. तुम्ही आपल्याच फॉलोअर्सना ऑनलाईन फॉर्म पाठवता तेव्हा अगदी हेच होतं, जे तुम्हाला आधीच ओळखतात आणि ज्यांना वेळ आहे ते उत्तर देतात. सोडून गेलेलं गिऱ्हाईक तुमच्या यादीतच नसतं, आणि विचारायचं तर खरं त्यालाच.

दुसरी चूक, काय विचारलं. कोका-कोलाने 1985 मध्ये चव बदलली, आधी जवळपास 2 लाख लोकांना चाखायला देऊन बघितलं होतं, नवी चव जास्त जणांना आवडली होती. एप्रिलमध्ये नवीन कोक आला, लोक इतके चिडले की 79 दिवसांत जुना परत आणावा लागला. चाखणाऱ्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. कुठला घोट जास्त आवडतो हे मुख्यतः विचारलं होतं, जुनं पेय कायमचं बंद झालं तर तुम्हाला काय वाटेल हा प्रश्न त्या कपात नव्हता.

म्हणून 'अशी बाटली आली तर घ्याल का' हे विचारू नका, समोरचा माणूस तुमचं मन राखायला हो म्हणतो. झालेलं विचारा. शेवटची बाटली कधी घेतली, कुठून घेतली, त्याआधी कुठली बघून सोडून दिली आणि का, घेतली ती आता कुठे आहे. 'झाकण गळायला लागलं म्हणून कपाटात पडलीय' हे एक उत्तर शंभर 'हो नक्की घेऊ' पेक्षा जास्त कामाचं. अशी दहा-पंधरा माणसांशी सावकाश बोलणी झाली की तीच तीच कारणं परत ऐकू यायला लागतात. त्यावरून किती टक्के लोकांना काय वाटतं ते मात्र सांगता येत नाही, त्यासाठी नीट निवडलेलं सॅम्पल लागतं, ही दोन वेगळी कामं आहेत.

स्पर्धकावर लक्ष ठेवायला इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन वापरा, त्याच्या वेबसाईटची जुनी पानं सापडतात, भाव कधी बदलले, कुठला माल गुपचूप काढून टाकला ते दिसतं. नोकरीच्या जाहिराती वाचा, कोणाला घेतायत त्यावरून पुढे काय करणार ते कळतं. रिव्ह्यू वाचताना मी दोन-तीन स्टारवाले आधी बघते, पाच स्टार विकतचे असू शकतात, एक स्टार बहुतेकदा रागात दिलेला असतो, मधले लोक काय चांगलं आणि काय वाईट ते दोन्ही लिहितात. पण खोटी ओळख सांगून त्याच्या ऑफिसातून माहिती काढणं, किंवा तिथून आलेल्या नव्या कर्मचाऱ्याकडून फाईली मागणं, हे करू नका, ते चुकीचंही आहे आणि अनेक देशांत त्यासाठी कोर्टात उभं राहावं लागतं.

एआय चॅटबॉटला विचारत असाल तर प्रश्न धारदार करायला, लांबलचक अहवालातलं पान शोधायला जरूर विचारा. पण त्याने दिलेला आकडा किंवा संदर्भ मूळ जागी जाऊन बघितल्याशिवाय वापरू नका. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने सांगितलेल्या जुन्या खटल्यांचे दाखले दिले, ते खटले कधी झालेच नव्हते आणि 5000 डॉलर दंड बसला.

हे सगळं वापरायचं कसं, तर एका कागदावर प्रश्न लिहा, खाली प्रत्येक उत्तरासमोर तीन गोष्टी लिहा, कुणी सांगितलं, त्याने ते कशासाठी जमवलं होतं, कुठल्या तारखेचं आहे. एकमेकांशी संबंध नसलेले दोन सोर्स एकच सांगत असतील तर पुढे जा. उलटसुलट सांगत असतील तर सरासरी काढू नका, फरक का पडला ते शोधा, बऱ्याचदा दोघांनी वेगळीच गोष्ट मोजलेली असते. आणि शोध कधी थांबवायचा, तर पुढची माहिती कशीही आली तरी निर्णय तोच राहणार असं दिसायला लागलं की. 500 नगांची ऑर्डर बुडाली तरी तुम्हाला झेपणार असेल तर आणखी महिनाभर रिपोर्ट वाचत बसण्यापेक्षा ते 500 नग आणा आणि विका, फक्त पहिल्या दिवसापासून माल संपल्याच्या तारखा आणि परत गेलेल्या लोकांची वही नीट लिहा, कारण 5000 ची ऑर्डर द्यायची की नाही हे त्या वहीवरून ठरवायचंय.